खोपा कोण विणतो, हे आधी पाहू या

वडोदऱ्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. सहाव्या सत्राची परीक्षा संपली असून आतापर्यंतचे गुण पाहता चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय आपल्याला मिळेल, असे तिला वाटते. प्राण्यांचे वर्तन, संप्रेरके आणि पुनरुत्पादन या विषयांत तिला रस आहे. तिच्यासमोर दोन वाटा आहेत. एका प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या माद्यांवर काम चालते. एका वनस्पतीचा अर्क देऊन अंडाशयावर व संप्रेरकांवर होणारा परिणाम तिथे तपासतात आणि प्रयोगाच्या शेवटी प्राण्यांना मारून त्यांच्या ऊती काढून घेतात. दुसऱ्या एका प्राध्यापिकेने पादऱ्याच्या रस्त्यावरील एका शेतात, विहिरीवर झुकलेल्या बाभळींवर असलेल्या सुगरणींच्या वसाहतीचे निरीक्षण करण्याचे सुचवले आहे. जीव मारण्याची कल्पना या मुलीला सोसवत नाही. मात्र पक्षी पाहत बसणे म्हणजे संशोधन नव्हे, त्यात संप्रेरके मोजताच येत नाहीत आणि पुढे प्रवेशासाठी त्याचा उपयोग नाही, असे मैत्रिणींचे म्हणणे आहे व तिलाही ते पटू लागले आहे. घरी माळकरी आजी आहे, तिच्यापुढे ‘पुनरुत्पादन’ हा शब्दही उच्चारता येत नाही. बी.एड. करून नोकरी धरावी, असे वडिलांना वाटते. ‘यांतले खरे संशोधन कोणते, आणि घरी काय सांगू?’ असा तिचा प्रश्न आहे.

प्रिय विद्यार्थिनी,

तुझे पत्र मी दोनदा वाचले. दोन्ही प्राध्यापक, प्रयोगशाळेतील उपकरणे, मैत्रिणींची मते आणि घरातले वातावरण यांविषयी तू सविस्तर लिहिले आहेस, परंतु तुला स्वतःला काय जाणून घ्यायचे आहे, हे साडेतीन पानांच्या पत्रात एकाच वाक्यात आले आहे आणि तेही जाता जाता. लहानपणी मामाच्या शेतावर पाहिलेला सुगरणीचा नर पावसाच्या तोंडावर पिवळाधमक कसा होतो व त्या वेळी त्याच्या शरीरात काय घडते, याचे तुला तेव्हापासून कुतूहल आहे, असे ते वाक्य आहे. माझ्या मते तुझ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. कोणत्या प्रयोगशाळेत जावे हा प्रश्न तू आधी घेतलास आणि काय विचारावे हा नंतर ठेवलास. बहुतेक विद्यार्थ्यांचे असेच होते, कारण आपल्याकडे विषय बहुधा मार्गदर्शकाकडून मिळतो. तरीही थोडा वेळ हा क्रम उलटून पाहू या.

संप्रेरकांचा अभ्यास म्हणजे रक्त, परीक्षानळी आणि चाचणीचे महागडे संच, असे तू गृहीत धरले आहेस. या शास्त्राचा आरंभ कुठे झाला ते पाहा. १८४९ साली जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी सहा तरुण नर कोंबड्यांवर प्रयोग केला. काहींची वृषणे त्यांनी पूर्णपणे काढली, तर काहींच्या पोटात ती पुन्हा, परंतु मूळ जागा सोडून भलत्याच ठिकाणी बसवली. ज्यांना वृषण उरले नव्हते त्यांचे तुरे खुरटले, ते नीट आरवेनात, भांडेनात आणि माद्यांकडे फिरकेनात. पोटात वृषण बसवलेले मात्र इतर नरांसारखेच वाढले. जुने मज्जातंतू तुटलेले असूनही हे घडले, म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात मिसळून शरीरभर जात असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. संप्रेरकासाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द १९०५ साली आला आणि वृषणांतले ते संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, शुद्ध स्वरूपात हाती लागले ते १९३५ साली. बर्टहोल्ड यांच्याजवळ तुरा, आरवणे आणि भांडण पाहणारे डोळे होते व नीट विचारलेला एक प्रश्न होता. त्यांनी शस्त्रक्रिया केली हे खरे, पण त्यांचे उत्तर निरीक्षणातूनच आले. वर्तनाची नोंद काळजीपूर्वक झाली नसती, तर त्या शस्त्रक्रियेचा काहीही अर्थ लागला नसता.

तुझ्या वाक्यातही एक गृहीतक दडलेले आहे. ‘नराचे संप्रेरक वाढते, म्हणून तो पिवळा होतो’ असे तू पुढे सहज लिहून गेली आहेस. हे स्वाभाविक वाटते, मलाही विद्यार्थिदशेत तसेच वाटे. परंतु सुगरणीच्या आफ्रिकेतील नातलग विणकर पक्ष्यांवर एमिल विची यांनी केलेल्या कामातून निराळेच चित्र पुढे आले. वृषणे काढून टाकलेल्या नरांनाही विणीच्या हंगामाचा रंगीत पिसारा आला. तिथे पिसांचा रंग वृषणांतील संप्रेरकावर नव्हे, तर मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून येणाऱ्या एलएच या संप्रेरकावर अवलंबून होता, इतका की पुढे काही काळ एलएच ओळखण्याची चाचणी म्हणूनच या पक्ष्यांचे पीस वापरले गेले. पिवळा रंग दिसला की टेस्टोस्टेरॉन वाढले, असे सरळ समीकरण मांडणाऱ्या विद्यार्थिनीने महागडा संच वापरला असता तरी चुकीचीच वस्तू मोजली असती.

याहून मोठा बदल डॅनियल लेहरमन यांच्या होल्यांवरील कामाने घडवला. संप्रेरक हे बटण आहे आणि वर्तन हा दिवा, अशी आपली साधी समजूत असते. १९५० व १९६० च्या दशकांत लेहरमन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, काचेपलीकडे नुसता नर माना लववत घुमताना दिसला, तरी मादीच्या अंडाशयाची वाढ सुरू होते. वृषणे काढल्यामुळे प्रियाराधन न करणारा नर काचेपलीकडे ठेवला, तर तेवढा परिणाम होत नाही. म्हणजे एकाचे वर्तन दुसऱ्याच्या शरीरातील संप्रेरके बदलते आणि ती संप्रेरके पुन्हा वर्तन बदलतात. पुढे मेई-फांग चेंग यांनी याच जातीच्या माद्यांवर काम करून दाखवले की, मादीचे स्वतःचे घुमणे तिच्याच कानी पडल्याने तिच्या अंडाशयातील पुटिका, म्हणजे अंडी जिथे वाढतात त्या पिशव्या, वाढतात. स्वतःच्या आवाजाने स्वतःचे शरीर विणीसाठी तयार व्हावे, ही गोष्ट मी प्रथम वाचली त्या दिवशी मला दुसरे काही सुचले नव्हते. वर्तन पाहणे हे संप्रेरकांच्या अभ्यासाचे दुय्यम अंग आहे, असे तुझ्या मैत्रिणी म्हणतील तेव्हा त्यांना या होल्यांची हकीकत जरूर सांग.

आता सुगरणीकडे येऊ. आपल्या भाषेने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले आणि त्या नावाने घराघरांतल्या बायकांच्या हाताच्या चवीचे कौतुक केले. गुजरातीतही तो ‘सुगरी’ आहे. खोपा मात्र विणतो नर. पात्यांच्या लांब पट्ट्या चिरून आणत, शेकडो खेपा करत तो खोप्याचा वरचा भाग घुमटासारखा तयार करतो आणि तिथेच थांबतो. मग मादी येऊन हा अर्धा खोपा तपासते. तिला तो पसंत पडला तर नर अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पूर्ण करतो, मादी आतले अस्तर घालते, अंडी उबवण्याचे काम तिच्याकडे येते आणि नर बहुधा दुसरा खोपा विणायला घेतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लटकत राहतात. सलीम अली यांनी हा सारा क्रम कोकणात किहीम येथे खोप्यांसमोर रोज बसून टिपला आणि १९३१ साली प्रसिद्ध केला. त्या काळात त्यांना नोकरी नव्हती, प्रयोगशाळाही नव्हती. नावावरूनच आपण खोपा मादीचा ठरवून टाकला होता. तो कोण विणतो हे समजण्यासाठी कुणालातरी झाडाखाली बसावे लागले.

तेव्हा माझे मत स्पष्टच सांगते. तुझे कुतूहल पत्रात लिहिल्याप्रमाणे असेल, तर तू सुगरणींची वसाहत निवडावीस. मात्र ‘इथे जीव मारावा लागत नाही’ एवढ्या एकाच कारणासाठी ती निवडू नकोस, कारण नुसते टाळण्यासाठी निवडलेले काम दुसऱ्याच महिन्यात कंटाळवाणे होते. ‘सुगरणींच्या विणीच्या वर्तनाचे निरीक्षण’ हे शीर्षक होऊ शकेल, प्रश्न होऊ शकत नाही. प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे येऊ शकेल आणि दोन्ही उत्तरांतून काही शिकता येईल. उदाहरणार्थ, शेजारच्या खोप्याचा नर जवळ असताना एखाद्या नराचे पंख फडफडवणे व ओरडणे वाढते का, की मादी खोप्यावर आली तरच ते वाढते? १९९० साली जॉन विंगफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की, नर पक्ष्यांच्या टेस्टोस्टेरॉनमधील चढउतारांमागे प्रतिस्पर्ध्यांशी होणाऱ्या झटापटींचा मोठा वाटा असतो. तुझे निरीक्षण या कल्पनेशी जोडता येईल. तू संप्रेरक मोजणार नाहीस, हे प्रबंधात स्वच्छ शब्दांत लिही आणि वर्तनावरून संप्रेरकाची पातळी ‘सिद्ध’ केल्याचा दावा करू नकोस. या संयमाला परीक्षक नक्की दाद देतील. दुसरा प्रश्न याहून सोपा आहे: घुमटापर्यंत पोचलेल्या खोप्यांपैकी किती पुढे पूर्ण होतात आणि पूर्ण होणारे खोपे झाडाच्या कोणत्या बाजूला, पाण्यापासून किती उंचीवर असतात? नैर्ऋत्येच्या पाऊसवाऱ्याचा मारा चुकवणाऱ्या पूर्वेकडच्या फांद्यांवर खोपे अधिक असतात, असे अनेकांनी नोंदवले आहे. तुझ्या विहिरीवरच्या बाभळींवर ते खरे ठरते का, हे कुणीतरी मोजले पाहिजे.

पद्धतीच्या बाबतीत हयगय करू नकोस, कारण निरीक्षणाला ‘नुसते बघणे’ म्हणण्याची सोय हयगयीमुळेच होते. जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली वर्तनाच्या नोंदी कशा घ्याव्यात यावर जो निबंध लिहिला, तो मिळवून सावकाश वाच. लक्ष वेधून घेईल ते लिहीत गेले, तर भांडणे आणि गोंगाट यांच्याच नोंदी वाढतात, निमूटपणे विणणारा नर वहीत येतच नाही, हा त्यातला इशारा प्रत्येक नवशिक्याला लागू पडतो. म्हणून आधी वर्तनांची यादी कर, प्रत्येकाची व्याख्या एका वाक्यात लिही, मग ठरावीक मिनिटे एकाच खोप्याकडे पाहा आणि खोप्यांचा क्रम घरूनच चिठ्ठ्या टाकून ठरवून ने. एखाद्या दिवशी मैत्रिणीला सोबत घेऊन दोघींनी एकाच खोप्याच्या स्वतंत्र नोंदी करा व त्या जुळतात का पाहा. न जुळल्यास दोष बहुधा व्याख्येत असतो. पक्ष्यांना खुणेची कडी घातलेली नसल्याने कालचा नर आज तोच आहे हे तुला खात्रीने सांगता येणार नाही, म्हणून क्रमांक खोप्यांना दे, नरांना नको. एकाच वसाहतीतले तीस खोपे म्हणजे तीस स्वतंत्र वसाहती नव्हेत, हेही संख्याशास्त्राच्या शिक्षकांना आधीच दाखव. जमल्यास त्याच परिसरात आणखी दोन-तीन वसाहती शोध. आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावणे, खोप्याला हात लावणे, अंडी पाहण्यासाठी फांदी वाकवणे यांतले काहीही करू नकोस. सुगरण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्रास झालेली मादी खोपा सोडून जाऊ शकते. शेतमालकाची परवानगी घे, पहाटे एकटी जाऊ नकोस, उघड्या विहिरीपासून अंतर ठेव. आणखी वसाहती शोधताना विश्वामित्रीच्या काठाने जाणार असशील, तर नदीत मगरी आहेत याचा विसर एक क्षणही पडू देऊ नकोस. पावसाळ्यात तर पाण्याकडे उतरूच नकोस.

आता प्रयोगशाळेविषयी. तुझी घालमेल मला समजते. आमच्या पिढीने वर्गात बेडूक कापले आणि त्यातून जेवढे शिकलो त्याहून अधिक बेडूक मेले, असे मला आज वाटते. तरीही उंदरांवर काम करणारे सारे निष्ठुर असतात, ही तुझ्या पत्रातून डोकावणारी समजूत मी मान्य करणार नाही. १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी तीन कसोट्या सांगितल्या: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, संख्या कमीत कमी ठेवावी आणि वेदना जितकी टाळता येईल तितकी टाळावी. तू त्या प्राध्यापकांना भेट आणि या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी आहे का, प्राण्यांची संख्या कशावरून ठरवली, प्राणी न मारता होणारा एखादा भाग मला करता येईल का, असे आदराने विचार. उंदराच्या मादीचे माजाचे चक्र अवघ्या चार-पाच दिवसांचे असते आणि योनिमार्गातील स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन, त्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखता येते. त्यासाठी तिला मारावे लागत नाही. शिवाय जुन्या प्रयोगांतील अंडाशयांच्या काचपट्ट्या अनेक विभागांत कपाटात पडून असतात. त्यांतील पुटिका नव्याने मोजून, अवस्थांप्रमाणे वर्गवारी करून उत्तम प्रबंध होऊ शकतो. या प्रश्नांनी रागावणाऱ्या मार्गदर्शकाकडे वर्षभर काम करणे तुला जड जाईल, आणि मनापासून उत्तरे देणारे मार्गदर्शक भेटले तर कदाचित तुझे मतही बदलेल. औषध किंवा वंध्यत्व हाच तुझा जिव्हाळ्याचा विषय आहे असे तुला आतून जाणवले, तर प्रयोगशाळा हीच योग्य वाट आहे, आणि ती निवडल्याबद्दल मनात अपराधी भाव बाळगण्याचे कारण नाही.

कुणी तरी तुला मधला मार्ग म्हणून ‘पक्ष्यांच्या विष्ठेतून संप्रेरके मोज’ असे सांगेल. ही पद्धत खरी आहे आणि पक्ष्याला न पकडता करता येते, पण विष्ठेत संप्रेरकांचे अवशेष सापडतात, ते प्रत्येक जातीत वेगळे असतात आणि वापरलेला संच त्या जातीच्या बाबतीत योग्य ठरतो का, हे आधी स्वतंत्रपणे तपासावे लागते. नमुना कोणत्या नराचा, तो किती वेळ उन्हात पडला होता, हे प्रश्न निराळेच. एका वर्षाच्या कामासाठी मी याचा आग्रह धरणार नाही.

घरच्यांविषयी तू लिहिलेस ते वाचून मला एक विचारावेसे वाटते: आजीला तू हे कधी सांगून पाहिले आहेस का? पत्रात तू लिहिलेस की तिचे माहेर खानदेशातले, घरी गाईम्हशी होत्या. मग ‘गाय माजावर आली’, ‘म्हैस गाभण आहे’, ‘शेळी व्यायली’ ही वाक्ये तिने अंगणात, माजघरात, चारचौघांत हजारदा ऐकली आणि बोलली असतील. संकोच आपल्याला पुस्तकी शब्दाचा वाटतो, विषयाचा नाही. ‘पुनरुत्पादन’ बाजूला ठेव आणि ‘सुगरणीचा विणीचा हंगाम पाहणार आहे’ एवढेच सांग. मग खोपा नर विणतो, हेही सांग. मला वाटते ती तुला प्रश्न विचारील, आणि तिने लहानपणी पाहिलेल्या खोप्यांविषयी जे सांगेल ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. आणि उद्या तू प्रयोगशाळा निवडलीस, तर प्राण्यांचे काय होते ते तिच्यापासून लपवू नकोस. तिला वाईट वाटेल, पण बाहेरून कळल्यास अधिक वाईट वाटेल.

वडिलांची काळजी पैशाची आणि स्थैर्याची आहे, तिची टिंगल होता कामा नये. त्यांना नेमकी माहिती दे. चौथ्या वर्षी संशोधन करण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण लागतात आणि संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक असतात. या वर्षानंतर बी.एड.चा दरवाजा बंद होत नाही, उलट स्वतः नोंदी घेऊन निष्कर्ष काढलेली शिक्षिका वर्गात निराळी शिकवते. याच शहरातील महाराजा सयाजीराव विद्यापीठात जे. सी. जॉर्ज यांनी पक्ष्यांच्या उड्डाणाच्या स्नायूंवर केलेले काम जगभर वाचले गेले, हेही त्यांच्या कानावर घाल. प्रवेशाच्या मुलाखतीबाबत माझा अनुभव असा की, उपकरणांची नावे सांगणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, पण ‘हा प्रश्न का निवडलास आणि तुझे उत्तर चुकीचे असेल तर ते कसे कळेल?’ या प्रश्नावर बहुतेक जण थांबतात. शिवाय प्रयोगशाळेचा अनुभव हवाच असेल, तर देशातील तीन विज्ञान अकादम्या मिळून देतात ती दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे, तिला पदवीच्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो. दोन्ही वाटांतली एक कायमची सोडावी लागेल, असे नाही.

आता वैशाख चालू आहे. सुगरणी पहिल्या पावसानंतर विणायला लागतात, तुझे सत्रही साधारण तेव्हाच सुरू होते, पण पूर्वतयारी त्याआधीची आहे. या आठवड्यात प्राध्यापिकेबरोबर त्या शेतावर जा. गेल्या वर्षीचे वाळलेले खोपे अजून बाभळींवर लटकत असतील. ते काढू नकोस. कोणत्या फांदीवर, कोणत्या दिशेला, पूर्ण की अर्धवट, असे एकेक मोजून झाडाचा कच्चा नकाशा काढ. नर तेव्हा कदाचित अजून मादीसारखेच मातकट दिसतील आणि तुला ओळखूही येणार नाहीत. तारीख घालून तेही लिही. पहिला पिवळा माथा कोणत्या दिवशी दिसला हे सांगायला त्या कोऱ्या दिवसांच्या नोंदी लागणार आहेत. त्या वहीची पहिली चार पाने भरली की दोन्ही प्राध्यापकांना भेट आणि मग निर्णय कळव.